उजवीकडच्या मांडणीवरची रोपं

१४ जून

डॉक्टर म्हणाले, "महानंदाताई, राग आला की बोलू नका, लिहून काढा. गोळीपेक्षा त्याचा उपयोग होईल." ह्यांनी लगेच मेडिकलशेजारच्या दुकानातून ही डायरी आणली. एसटीतून रिटायर झाल्यापासून ह्यांना अशी कामं फार आवडतात.

तर लिहिते. मला राग आला आहे. संपलं.

नाही, संपलं नाही. माझी एकुलती एक लेक ऋतुजा आज सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. तिथे एका मोठ्या नर्सरीत तिला नोकरी लागली आहे. कॅक्टस विभागाची प्रमुख. अगं, मग इथे तू कोण होतीस? सोलापुरातली, विजापूर रोडवरची ही आपली नर्सरी तुला दिसली नाही? कलमं मी करायची, बियांची रोपं तू वाढवायचीस, गिऱ्हाईक हे सांभाळायचे. कुठे काय अडत होतं? तर म्हणे, "आई, तिथं शिकायला मिळंल." म्हणजे माझ्याकडचं शिकून संपलं.

जाताना मला ओढत मांडणीपाशी घेऊन गेली. मांडणीवर दोन्हीकडे दंडगोल कॅक्टसची करंगळीएवढी रोपं. "डावीकडची साधी मिर्टिलो, ती तुझ्या कलमांच्या खुंटांना. उजवीकडची माझी. त्यांना हात लावू नकोस. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येते आणि घेऊन जाते."

ही तिची रोपं म्हणजे तिचा तीन वर्षांचा खेळ. मिर्टिलोच्या फुलात दुसऱ्या कुठल्या उंच कॅक्टसचा पराग घातला, फळ धरलं, बी पेरलं. प्रत्येक रोप वेगळं निघणार म्हणे, सख्ख्या भावंडांसारखं. त्यातून एक नवी जात निवडायची आहे. पुण्याच्या मालकांनी तिला घेतलं तेही ह्या रोपांचं ऐकूनच. त्यांच्यासाठी तिथे वेगळी मांडणी ठेवली आहे.

मी म्हटलं, "बघते की." आणि आत निघून गेले. फाटकापर्यंत गेले नाही. भाजी करपत होती.

भाजी नव्हती, चहाचं आधण होतं. डॉक्टर म्हणाले खरं लिहा.

१७ जून

आज सगळी मांडणी उतरवली. लेक गेली तर तिचा पसारा तरी किती दिवस जपायचा? दोन्हीकडच्या रोपांना मोठ्या कुंड्या दिल्या. प्रत्येकाशेजारी तिने प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली, त्यावर मुंगीच्या अक्षरात इंग्रजी नावं. कुणाला दाखवायला? सगळ्या पट्ट्या उपटून बादलीत टाकल्या. मग उंचीप्रमाणे रोपं लावली. ठेंगणी पुढे, उंच मागे, म्हणजे सगळ्यांना सारखं ऊन मिळतं.

हे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आगं, आता कुटलं कुणाचं ते कळंल का?"

"मला कळतंय."

"समदी येकसारखीच दिसत्यात की."

"तुमाला दिसत्यात. वीस वर्षं हेच करत आलीय मी."

 

९ जुलै

मैंदर्गीचा मल्लिनाथ आला होता. वर्षाला दोन-तीनदा येतो, रोपं नेतो आणि तिकडच्या बाजारात विकतो. हातात एक बोटभर उंचीचं रोप. आल्या आल्या म्हणाला, "अक्का न्हाईत का ओ?"

अक्का म्हणजे ऋतुजा. मी इथे कंबर मोडून काम करते, मी कोणीच नाही.

"नाय. काय काम हाय?"

"हे कुटलं हाय तेवढं इच्यारायचं होतं. मिर्टिलो असलं तर कलमाला घिईन म्हन्तो."

मी बघितलं. पाच धारा, निळसर हिरवं, आखूड काटे. "मिर्टिलोच हाय. घे डोळे झाकून."

२१ जुलै

मल्लिनाथ परत आला. हसत होता. "मामी, ते कापलं तर दूध निघालं की ओ! थोर निघाला त्यो, आपला बांधावरचा." चिकाचं झाड म्हणजे कॅक्टसच नव्हे, त्यावर कलम जन्मात बसायचं नाही. त्या दिवशी ऊन किती होतं, माझा चष्मा आत राहिला होता, आणि त्याने ते रोप धरलं होतं उलट्या उजेडात. हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का सुई टोचून बघायच्या आदी."

अक्का, अक्का. डोकं उठलं.

३ ऑगस्ट

दर रविवारी तिचा फोन येतो. ह्यांच्या फोनवर. पहिलं वाक्य ठरलेलं: "रोपं कशी हायत?" आई कशी आहे ते नाही. रोपं कशी आहेत.

हे म्हणाले, "तुज्या बीपीचं बी इच्यारलं की तिनं."

"रोपांच्या आधी का नंतर?"

मग फोन माझ्यापुढे धरला. "घे. रोपांचं कायतरी सांगायचं म्हन्ती तुला. ओळखायचं कसं ते." मी हात पुसत होते, ते पुसतच राहिले. मला ओळखायला शिकवणार? जिला अ आ इ काढायच्या आधी कुंडीत माती भरायला मी शिकवलं, ती? "म्हणावं, मला कामं हायत."

कामं होतीच. शेंगा निवडायच्या होत्या.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. सोलापुरात असा पाऊस मी बघितलेला नाही. जाळीवर पन्हळ लागल्यासारखं पाणी. दर वर्षी पहिल्या ढगालाच ऋतुजा प्लॅस्टिक ओढायची आणि बुरशीचं औषध मारायची. ह्या वर्षी ते कोणी करायचं? हे म्हणाले, "मी करतो," आणि शिडीवरून घसरून कोपर सोलून बसले.

मांडणीवरची निम्म्याहून अधिक रोपं बुडातून सडली. हात लावला की गळून पडायची, आत नुसता काला. उरली ती तीसेक, ती मात्र ठणठणीत. टाकलेल्यांकडे बघून रडू येत होतं, पण रडले नाही. तिने इथे असायला हवं होतं. बस्स, एवढंच.

ह्यांनी तिला फोनवर सडल्याचं सांगितलं. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. "तुजी आई म्हन्ती, तुजी जी होती ती उरल्यात." मी असं कधी म्हटलं? पण म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं, थोडी तरी तिची असणारच.

२४ ऑक्टोबर

दिवाळीला आली नाही. रजा नाही म्हणे. भाऊबीज गेली, फराळाचा डबा पोस्टाने गेला, चकल्यांचा चुरा झाला असेल. बरं झालं.

बागप्रेमी मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आहे, त्याचं पत्रक आज आलं. मागच्या वर्षी कलमी कॅक्टसचा पहिला नंबर आपला होता. कलमं माझ्या हातची, आणि पाटीवर नाव ऋतुजाचं! कारण फॉर्म तिने भरला होता. पेपरात फोटोही तिचाच. तेव्हा मी हसले होते. आज पत्रक वाचताना तळपायाची आग मस्तकात गेली.

ह्या वेळी पाटीवर महानंदा. बघू दे तिला पुण्यात बसून.

लाल, पिवळे, शेंदरी मून कॅक्टस आणून ठेवले आहेतच. ह्या रंगीत डोक्यांना हिरवा कणही नसतो. स्वतःचं अन्न करता येत नाही, खालच्या खुंटाच्या जिवावर रुबाब करायचा. सध्या एका पोरीचं असंच चाललं आहे.

लोक त्यांना ड्रॅगनफ्रूटच्या कांडीवर चढवतात. स्वस्त पडतं, पण दोन वर्षांत खुंट खचतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. मिर्टिलोचा खुंट टिकतो. तेव्हा मांडणीवरच्या तीसेकांतून माझी निवडायची आणि तिची बाजूला ठेवायची, एवढंच काम. त्याला डोळा लागतो आणि तो मला आहे. माझी मिर्टिलो असते जाडजूड, बुडाशी भरलेली. तिची असणार परक्या परागाची, म्हणजे काटकुळी. चार-पाच काटकुळी निघाली, ती जपून भिंतीकडे ठेवली. बाकी सगळी घेतली. एवढे टणक खुंट मला कधी मिळाले नव्हते. ब्लेड लोण्यातून जावं तसं गेलं.

स्पिरिट, ब्लेड, रबर. खुंट चार बोटांवर कापायचा, कापल्यावर मधे एक गोल कडी दिसते. वरच्या डोक्याचीही कडी असते. कडीला कडी भिडली पाहिजे, मग रबर चढवायचं. ऋतुजाचा हात इथे थरथरतो. माझा नाही. दुपारपर्यंत सगळी झाली. कापलेली टोकं उकिरड्यावर फेकली. एरवी टोकंही लावते मी, पण आज काही म्हणजे काही जपायची इच्छा नव्हती.

१२ नोव्हेंबर

रबरं काढली. एकही सुटलं नाही. सगळी बसली! वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ह्यांना हाक मारून दाखवलं. "लई ग्वाड दिसत्यात," म्हणाले, आणि मग, "ऋतुजाला फोटु पाठवू का?"

"नाय."

खुंट इतके जोरात आहेत की बुडाला फुटवे आले आहेत. एकेका खुंटाला दोन-दोन, तीन-तीन. ते ठेवले तर जोर वरच्या डोक्याला मिळत नाही, शिवाय परीक्षक गुण कापतात. नखाने सगळे खुडले.

३० नोव्हेंबर

पुन्हा फुटवे. पुन्हा खुडले. काय जात आहे कोण जाणे, हार मानत नाहीत. रविवार होता, फोन आला. ह्यांनी न विचारताच माझ्याकडे धरला, मी न बघताच पाठ फिरवली. आमचं आता ठरूनच गेलं आहे.

१४ डिसेंबर

मोरीच्या मागे ह्यांनी एका फुटक्या घमेल्यात काहीतरी लावलं आहे, हे मला माहीतच नव्हतं. आज सांडपाण्याची नळी बघायला गेले तर दिसलं. पाच टोकं. मी उकिरड्यावर फेकलेल्यांतली पाच.

"टाकवंना मला," म्हणाले. "जिती होती की."

मुळं धरून दोन बोटं वाढली आहेत. आणि वाढलेल्या भागात प्रत्येक धारेच्या कडेला बारीक पांढरी रेघ आहे. रांगोळीच्या चिमटीने ओढल्यासारखी. मिर्टिलोला अशी रेघ नसते. रेघ त्या दुसऱ्या झाडाची, ज्याचा पराग तिने घातला होता. मागच्या कोपऱ्यात ते उभंच आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, पांढऱ्या रेघांचं. रोज त्याच्याशेजारून जाते मी.

भिंतीकडे ठेवलेली काटकुळी बघितली. एकालाही रेघ नाही. ती मिर्टिलो आहेत. साधी मिर्टिलो.

म्हणजे जाडजूड होती ती सगळी तिची. दोन जातींच्या संकराला जोर जास्त असतो, हे मला ठाऊक नाही का? मक्याचं बी घेताना आम्ही काय बघतो?

पुढे लिहवत नाही.

१५ डिसेंबर

लिहिते. राग आला की लिहायचं ना? मग लिहिते.

पट्ट्या इंग्रजीत का लिहिल्या? मराठीत "माझी" एवढी दोन अक्षरं लिहिली असती तर हात मोडला असता? स्वतःच्या रोपांची एवढी काळजी तर सोबत का नेली नाहीत? ह्यांनी टोकं लावली ते मला का सांगितलं नाही? मल्लिनाथने... मल्लिनाथचा काही संबंध नाही, पण त्याचाही राग आला आहे.

घमेल्यातल्या पाचांवर भागायचं नाही. प्रत्येक रोप वेगळं आहे, तिला हवं ते बाकीच्यांतलंच कुठलं असेल. आणि बाकीच्यांच्या डोक्यावर माझे लाल-पिवळे मुकुट बसले आहेत. सुंदर बसले आहेत. एकही सुटलं नाही.

१८ डिसेंबर

हे म्हणाले, "तिला सांग."

मी म्हटलं, "प्रदर्शन होऊ दे."

"परदर्शन झाल्यावर?"

"मग वरची डोकी तशीच ठेवून खालचे फुटवे येऊ देऊ. येत्यात सावकाश."

"परदर्शनाआदी परत खुडनार फुटवे?"

खुडावे लागतील. तिसऱ्यांदा. खुंट किती वेळा फुटेल? आणि जितका उशीर तितका सगळा जोर वरच्या डोक्यात जाणार, बूड पोकळ होत जाणार. हे मी जाणते. हे जाणायला पांढरी रेघ लागत नाही, हे हातातलं काम आहे माझं.

जेवले नाही. मग जेवले. गोळी खायची होती.

२१ डिसेंबर

आज रविवार. फोन वाजला आणि ह्यांनी उचललाच नाही. वाजून वाजून बंद झाला. मी म्हटलं, "घ्या की." तर लग्नाला सदतीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"काय सांगू तिला? रोपं बरी हायत? सहा म्हयनं तेच सांगतोय! लबाड बोलायला लावलंस मला पोरीशी!"

मोडनिंबचा माणूस, बैलावर कधी हात उचलला नाही म्हणतात. चप्पल घालून निघून गेले, संध्याकाळी आले.

मी त्यांच्यावर रागवायला हवं होतं. जमलं नाही, ह्याचाच राग येतो आहे.

२६ डिसेंबर

उद्या प्रदर्शन. पाटी तयार होऊन आली. सुवाच्य मराठीत महानंदा. कलमं पुसून खोक्यात भरायला घेतली. दोन-तीन खुंटांच्या बुडाला हिरवे ठिपके. फुटवे. तिसऱ्यांदा. नख नेलं जवळ.

नाही खुडलं.

मग ब्लेड आणलं, स्पिरिट आणलं, आणि पहिल्या कलमाचं लाल डोकं उडवलं. मग दुसरं. राग इतका होता की हात थरथरायला हवा होता, पण हात माझा, तो थरथरत नाही. दर वेळी मनात तिला शिव्या देत होते आणि ब्लेड मात्र अगदी बरोबर जोडाच्या खालून, खुंटाचं जास्तीत जास्त राखून जात होतं. सगळी उडवली. लाल, पिवळी, शेंदरी डोकी सुपात पडली. ड्रॅगनफ्रूटवर चढवली तर वाचतील, पण थंडीत तो जोड धरत नाही. सुकतील. सुकू देत.

हे दारात येऊन उभे होते. ऋतुजाला लावलेला फोन त्यांनी पुढे धरला. मी घेतला.

"बाबा?"

"मी हाय."

"आई? बरी हायस ना तू? काय झालं?"

"ऋतुजा, तुझी रोपं मी कापली."

"कुठली?"

"सगळी. कलमं केली त्यांच्यावर. माझी समजून."

मला वाटलं ओरडेल. ओरडली तर माझ्याकडे उत्तरं होती, इंग्रजी पट्ट्यांपासून सगळी. ती म्हणाली, "किती उंचीवर कापलीस?"

"चार बोटं. आता वरचं डोकं उडवलंय. आत्ताच."

"काट्याच्या गाद्या हायत ना खाली, फुटवे यायला?"

"हायत. पण फुटवे खुडले मी. दोन वेळा."

"दोन वेळा?" आणि मग तिचा आवाज चढला. असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता, माझ्या स्वतःच्या तोंडून सोडून. "तुला कवा ओळखता आलंय गं? सांग ना, कवा? मी शाळेत होते तेव्हापास्नं मलाच इच्यारत आलीस, हे कुठलं गं, ते कुठलं गं! तेच सांगायला फोन करत होते मी दर रविवारी! एक मिनिट फोनवर आली असतीस! एक मिनिट!" आणि रडायला लागली, आणि फोन बंद झाला.

सगळं खरं बोलली. एक अक्षर खोटं नाही. मला कधीच ओळखता आलं नाही. हात माझा होता, डोळा तिचा होता, आणि मी दोन्ही माझंच समजत होते. ती गेली तेव्हा माझा डोळाच गेला आणि मी मात्र तिच्या नोकरीवर चिडत बसले.

प्रदर्शनाला जायचं नाही असं मंडळाला कळवलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, माल नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी मीच उचलला. रडून बसलेला आवाज, पण कामाचा. "उद्याच्या गाडीने येते. तोवर त्यांना पाणी देऊ नकोस."

एवढं बोलून ठेवला.

पाणी देऊ नकोस! मला सांगते. ताज्या कापलेल्या खुंटाला पाणी दिलं तर तो सडतो, हे तिला कोणी शिकवलं? मीच. तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती. अस्सा राग आला आहे, की लिहूनसुद्धा जात नाही.

पाणी दिलेलं नाही.